प्रत्येक मुलाच्या वाट्याला खेळ : शाळांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळांमधले मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. ज्यांच्याकडे मोठे मैदान, पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आणि भरपूर पैसा यांपैकी काहीच नाही, अशी शाळा डोळ्यासमोर ठेवून ती लिहिली आहेत.

शाळेत खेळ वाढवायचा म्हणजे नेमके काय वाढवायचे? आमचा कबड्डीचा संघ तालुक्याला जातो.

संघ जातो ही चांगली गोष्ट आहे, पण संघात बाराएक मुले असतात आणि पटावर दोनशे. आमच्या मते मोजायची गोष्ट एकच : आठवड्याभरात शाळेतल्या प्रत्येक मुलाला प्रत्यक्ष हालचालीची किती मिनिटे मिळाली. ५ ते १७ वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी आणि आठवड्यातले किमान ३ दिवस त्यात जोरकस, हाडे-स्नायू बळकट करणारे खेळ असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे. ही ६० मिनिटे एकट्या शाळेने भरून काढायची नाहीत. पण घरी अंगण नाही, शाळा सुटली की शिकवणी आणि रस्त्यावर गाड्या, अशा मुलाला शाळेतच जे मिळेल ते मिळते.

मुले खरोखर किती खेळतात हे कसे मोजायचे?

एक स्टॉपवॉच आणि एक मूल. वर्गातला सर्वांत चपळ मुलगा निवडू नका, कारण तो कुठेही खेळतोच. मधल्या फळीतले, फारसे लक्षात न येणारे मूल निवडा आणि त्याला न सांगता तासभर बघा. ते हलत असेल तेव्हा घड्याळ चालू, रांगेत उभे राहिले किंवा बसले की बंद. ३५ मिनिटांच्या तासात निम्मी, म्हणजे १७-१८ मिनिटे भरली तर तास चांगला झाला. पहिल्यांदा मोजल्यावर आकडा पाच-सात मिनिटांचा निघाला तरी खचू नका. वेळ कुठे गेला ते लगेच दिसते : रांग लावण्यात, गट पाडण्यात, सूचना ऐकण्यात आणि आपली पाळी यायची वाट बघण्यात.

एका वर्गात ४५ मुले आणि एकच मैदान. सगळ्यांना एकाच वेळी कसे खेळवायचे?

मैदानाचे तुकडे करून. कबड्डीच्या एका मैदानावर १४ मुले खेळतात आणि ३१ बघत बसतात. त्याच जागेत चार चौकोन आखले आणि प्रत्येकात ११-१२ मुले दिली, तर कोणी रिकामे राहत नाही. एका चौकोनात तिघांविरुद्ध तिघे अशा चेंडू-पासच्या दोन जोड्या, दुसऱ्यात दोरीउड्या, तिसऱ्यात लंगडी, चौथ्यात लगोरी. दर ६ मिनिटांनी शिट्टी वाजली की गट पुढच्या चौकोनात जातो. चार चौकोनांचे २४ मिनिटे, सुरुवातीला ५ मिनिटे अंग गरम करायला आणि शेवटी ४ मिनिटे श्वास शांत करून पाणी प्यायला. ये-जा धरून ३५ मिनिटे संपतात.

पहिले दोन आठवडे गोंधळ होतो. त्याची कारणे नेहमीची असतात. शिट्टीचा अर्थ आधी ठरलेला नसतो : एक शिट्टी म्हणजे थांबा आणि चेंडू जमिनीवर, दोन म्हणजे पुढच्या चौकोनात. गट तासाच्या सुरुवातीला पाडले जातात, त्यात आठ मिनिटे जातात. ते महिनाभरासाठी एकदाच पाडून वर्गात लावून ठेवावेत. आणि सगळे चौकोन नवीन खेळांचे असतात. चारपैकी तीन खेळ मुलांना येणारेच ठेवा, एकच नवीन द्या आणि शिक्षकाने त्या नव्या चौकोनाजवळ उभे राहावे.

दोन कप्तानांनी एकेक गडी निवडण्याची पद्धत मात्र बंदच करा. शेवटी उरणारी मुले प्रत्येक वेळी तीच असतात, आणि खेळ सोडून देण्याची सुरुवात तिथे होते.

‘बाद’ होण्याचे खेळ घेऊ नयेत का?

घ्यावेत, पण बाद झालेल्याने बाहेर बसायचे नाही, एवढा नियम बदलून. जे मूल सर्वांत कमी चपळ, ते सर्वांत आधी बाद होते आणि सर्वांत जास्त वेळ बसते. म्हणजे ज्याला सराव हवा त्यालाच तो मिळत नाही. आपल्याकडे यावर उपाय असलेले खेळ पूर्वीपासून आहेत. विषामृतात ‘विष’ मिळालेला जागीच थांबतो आणि मित्राने ‘अमृत’ दिले की पुन्हा पळतो. साखळीत पकडलेला बाहेर न जाता राज्य असलेल्याचा हात धरतो. तळ्यात-मळ्यात खेळताना चुकलेल्याला पाच उड्या मारून परत घ्या. वर्ग मोठा असेल तर राज्य एकावर न देता तिघा-चौघांवर द्या, नाहीतर मैदानाच्या दुसऱ्या टोकाची मुले नुसती उभी राहतात.

आमच्याकडे क्रीडाशिक्षकच नाही.

बहुतेक प्राथमिक शाळांत नसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात, सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असे आहे. त्याच परिशिष्टात मैदान आणि वर्गागणिक गरजेनुसार खेळाचे साहित्य यांचाही उल्लेख आहे. शाळा विकास आराखड्यात या तिन्ही गोष्टी दरवर्षी लेखी मांडा. तोंडी मागणीची नोंद कुठेच राहत नाही.

तोवर वर्गशिक्षकाने घेतलेला तासही उत्तम होऊ शकतो. त्याला कबड्डीतले डाव-पेच यायची गरज नाही. धावणे, उडी, झेल, फेक, तोल आणि वळणे ही सहा कौशल्ये पहिली ते पाचवीला पुरतात. वर उभे केलेले चार चौकोन आठवडाभर तेच ठेवले की तयारीचा वेळही वाचतो. मोठ्या वर्गातली दोन-दोन मुले प्रत्येक चौकोनावर मदतीला घ्या. शाळेच्या मंत्रिमंडळात क्रीडामंत्री असतोच, त्याला कपाटाची किल्ली आणि साहित्याची वही खरोखर सोपवा.

आणि एक गोष्ट ठामपणे : खेळाचा तास गणिताला देऊ नका, आणि दंगा केला म्हणून खेळाचा तास काढून घेण्याची शिक्षाही करू नका. ज्या मुलाला वर्गात बसवत नाही, त्याला मैदानाची गरज इतरांपेक्षा जास्त असते.

मैदान फार लहान आहे, किंवा नाहीच.

४३ बाय १८ मीटरच्या जागेत १०० मीटरची धावपट्टी बसते. दोन सरळ बाजू २५-२५ मीटर आणि दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे. मूल आतल्या रेषेवरून पळत नाही, तिच्यापासून सुमारे २० सेंटिमीटर बाहेरून पळते. म्हणून पळण्याच्या मार्गाची त्रिज्या ७.९६ मीटर हवी असेल तर फक्कीची (आखणीच्या पांढऱ्या भुकटीची) रेषा ७.७६ मीटर त्रिज्येने काढा. ही वजाबाकी विसरली की फेरी सव्वा मीटरने लांबते आणि मुलांच्या वेळा दुसऱ्या शाळेशी जुळत नाहीत. २०० मीटरसाठी साधारण ८१ बाय ४१ मीटर जागा लागते : सरळ बाजू ४० मीटर, पळण्याची त्रिज्या १९.१०, रेषेची १८.९०. ही सगळी मापे एका लेनची आहेत. दुसरी लेन हवी असेल तर चारी बाजूंनी १.२२ मीटर जादा धरा.

अजिबात मैदान नसलेल्या शहरी शाळांनी व्हरांडा, गच्ची आणि जवळची महापालिकेची बाग यांचा विचार करावा. गच्चीवर कठडा मुलाच्या खांद्याच्या वर नसेल तर चेंडूचे आणि पळण्याचे खेळ नकोत. तिथे योगासने, दोरीउड्या, लेझीम. बागेसाठी वार आणि वेळ लिहून परवानगी घ्या, कारण बाग अधिकारी बदलला की तोंडी परवानगी संपते.

मैदान आखताना कोन तिरके होतात. काय चुकते?

फक्त बाजू मोजल्या जातात, कर्ण मोजला जात नाही. चारही बाजू बरोबर असल्या तरी आकृती तिरकी होऊ शकते. दोन्ही कर्ण सारखे आले तरच ती काटकोनी. पहिला कोपरा ३-४-५ च्या त्रिकोणाने काढा : एका रेषेवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर, आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ मीटर येईपर्यंत दोरी हलवा. मग हे कर्ण पडताळा.

कबड्डी, १४ वर्षांखालील, ११ बाय ८ मीटर : कर्ण १३.६० मीटर. महिला, १२ बाय ८ : १४.४२. पुरुष, १३ बाय १० : १६.४०. खो-खो, २७ बाय १६ : ३१.३८.

खो-खोचे खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच आणि दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर असते. तिसरी-चौथीच्या मुलांना हे अंतर फार होते. त्यांच्यासाठी छोटे मैदान आखा : खांबांमध्ये १६ मीटर, सहा चौकोन ३० सेंटिमीटरचे, चौकोनांमध्ये २ मीटर, खांबापासून पहिला चौकोन २.१० मीटरवर. खांबांमागे दीड-दीड मीटर मोकळे सोडले की लांबी १९ मीटर होते, रुंदी १२ ठेवा, कर्ण २२.४७. सात-सात मुलांचे दोन संघ आणि तीन-तीन मिनिटांच्या पाळ्या. अशी दोन मैदाने शेजारी आखली की वर्गातली २८ मुले एकदम गुंततात.

दरवेळी टेप लावत बसू नये म्हणून कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या जमिनीच्या पातळीखाली दोन बोटे ठोकून ठेवा आणि भिंतीपासूनची त्यांची अंतरे वहीत लिहा. वर आलेली खुंटी किंवा लोखंडी सळई फार धोकादायक असते.

आखणीसाठी चुना वापरला तर चालेल?

नको. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते, आणि घामावर बसला तर कातडी सोलते. कळीचा, न विरलेला चुना तर मैदानाच्या आसपासही नसावा. बाजारात खडूची किंवा संगमरवराची पांढरी भुकटी ‘फक्की’ म्हणून मिळते, ती घ्या. कोणाच्या डोळ्यात चुना गेलाच तर चोळू न देता १५ ते २० मिनिटे स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवत राहा आणि तसेच दवाखान्यात न्या.

लांब उडीच्या खड्ड्यात मुलांचे पाय मुरगळतात.

वाळू घट्ट बसलेली असते. पावसात भिजून सुकलेली वाळू फरशीसारखी कडक होते, म्हणून प्रत्येक तासाआधी कुदळीने वीतभर खोल उकरायची आणि फळीने सपाट करायची. शाळेला ५ मीटर लांब, २.७५ मीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. त्याला पावणेदोन ब्रासपेक्षा थोडी कमी वाळू लागते. बांधकामाची खडेमिश्रित वाळू चाळूनच टाका. खड्ड्याचा काठ सिमेंटचा असेल तर तो वाळूच्या पातळीवर आणा किंवा जुन्या टायरच्या पट्ट्यांनी मढवा. रात्री ताडपत्री झाका, नाहीतर कुत्री-मांजरे तिथे घाण करतात.

साहित्यासाठी पैसे कुठून, आणि आधी काय घ्यावे?

समग्र शिक्षा योजनेत क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक-उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. मैदान सपाट करणे, कुंपण यांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून क्रीडांगण विकास अनुदान योजनेत प्रस्ताव करता येतो. रोजगार हमीच्या कामांच्या यादीतही खेळाचे मैदान आहे, म्हणून तो विषय ग्रामसभेत मांडून आराखड्यात घालून घ्या. कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी ग्रामीण खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करणे कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात बसते.

खरेदीतली नेहमीची चूक म्हणजे सगळे पैसे एका क्रिकेट किटवर आणि दोन कॅरम बोर्डांवर घालणे. ४५ मुलांच्या वर्गासाठी आधी हे घ्या : रबरी चेंडू १२, दोरीउडीच्या दोऱ्या २२, प्लॅस्टिकचे शंकू २४, रिंगा १२, दोन रंगांची बिनबाह्यांची जाकिटे १०-१०, ५० मीटरचा टेप, स्टॉपवॉच, शिट्ट्या, हवेचा पंप आणि त्याच्या सहा सुया. सुया जास्त घ्या. निम्म्या शाळांत चेंडू धड असतात आणि सुई मोडलेली असते. सुई आत घालण्याआधी ओली करा, कोरडी खुपसली की वॉल्व्ह फाटतो. फुटबॉल ८ ते १२ वयाला ४ नंबरचा, त्यापुढे ५ नंबरचा.

दोरीची लांबी प्रत्येकाची वेगळी. मुलाने दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवला की दोन्ही टोके काखेपर्यंत यावीत. बाजारातून गुंडाळी आणून तीन मापांत कापा, नायलॉन असेल तर टोके मेणबत्तीवर वितळवून गाठ मारा.

सातवी-आठवीनंतर मुली मैदानावर येतच नाहीत.

मुलींना खेळायचे नसते असे अजिबात नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी जिंकला तेव्हा कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. मुली थांबतात त्याची कारणे कपडे, स्वच्छतागृह, वेळ आणि बघे ही असतात, आणि चारही शाळेच्या हातातली आहेत.

खेळाच्या दिवशी मुलींना स्कर्ट किंवा ओढणीऐवजी ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट घालून यायची मुभा द्या. कपडे बदलायला जागा नसते, म्हणून घरूनच घालून येऊ द्या. स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी, झाकणाचा डबा आणि कपाटात पॅड असावेत. पाळीत खेळू नये असा वैद्यकीय नियम नाही. खेळायचे की नाही हे मुलीने ठरवावे आणि नको म्हणाली तर सगळ्यांसमोर कारण विचारू नये. सराव शाळा सुटल्यावर ठेवला की एसटी चुकते आणि घरच्यांचा विरोध तिथूनच सुरू होतो, म्हणून तो शाळेच्या वेळेतच बसवा. मैदानाच्या कट्ट्यावर बसणाऱ्या गावातल्या पोरांना शाळेच्या वेळेत उठवणे हे मुख्याध्यापक आणि समितीचे काम आहे, मुलींचे नाही.

आठवड्यातला एक तास मुलींचा स्वतंत्र असावा. मिश्र खेळात चेंडू मुलांकडेच राहतो, हे स्टॉपवॉच लावले की कळते.

दिव्यांग मुलांना कसे सामावून घ्यायचे?

गुण मोजायला किंवा शिट्टी वाजवायला बसवणे म्हणजे सामावून घेणे नाही. जागा, साहित्य, नियम आणि वेळ या चारपैकी एकच गोष्ट बदलून बघा. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, तो सरपटताना आवाज करतो. धावताना त्याच्या आणि सोबत्याच्या हातात फूटभर दोरीची दोन टोके द्या. कमी ऐकू येणाऱ्यासाठी शिट्टीसोबत लाल कापड हलवा. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलासाठी लगोरी, बोचा (लक्ष्याच्या चेंडूजवळ आपला चेंडू टाकण्याचा खेळ), फेकीचे सगळे खेळ खुले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण मिळवून दिले आणि त्याच जिल्ह्यातल्या सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्य जिंकले. ही नावे मुलांना नक्की सांगा.

पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात काय?

जून ते सप्टेंबर तास बुडवू नका. व्हरांड्यात लेझीम, सूर्यनमस्कार, दोरीउडी, भिंतीवर चेंडू झेलणे. बाके सरकवून वर्गात तोल आणि ताणाचे व्यायाम. फरशी ओली असेल तर पळणे पूर्ण बंद.

मार्चपासून खेळाचा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणा. दर १५-२० मिनिटांनी पाणी प्यायला थांबा, तहान लागण्याची वाट पाहू नका. मूल असंबद्ध बोलू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा अंग फार तापले तर तो उष्माघात समजा : सावली, कपडे सैल, अंगावर पाणी आणि वारा, आणि १०८ ला फोन. गार करायला आधी सुरुवात करा, फोन दुसऱ्याने करावा.

दुखापत झाली तर?

पाय मुरगळला तर विश्रांती, कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले दोन दिवस चोळणे, शेकणे किंवा ओढून ‘बसवणे’ नको, सूज वाढते. पक्का दात निखळला तर मुळाला हात न लावता दुधात टाका आणि तासाच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, उलटी झाली किंवा डोके दुखते म्हणाले, तर त्या दिवशी खेळ संपला आणि डॉक्टरकडे जाणे आलेच. ‘आता बरं वाटतंय’ यावर विश्वास ठेवू नका. फुटबॉलचे सुटे गोलखांब जमिनीत रोवलेले किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबलेले हवेत. ते मुलाच्या अंगावर पडून जीव जाऊ शकतो.

शालेय क्रीडा स्पर्धांत भाग घेण्याची प्रक्रिया काय?

१४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. नोंदणी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या परिपत्रकाप्रमाणे ऑनलाइन होते आणि स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, म्हणून जूनमध्येच तयारीला लागा. प्रवेश अडतो तो बहुतेक वेळा कागदांवर : आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. हे जुळवायला महिने जातात. वयाची गणना त्या वर्षीच्या परिपत्रकातल्या तारखेनेच करा.

पालक म्हणतात, अभ्यास बुडतो.

दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, आणि क्रीडा प्रबोधिनीतून पुढे जाता येते. पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकलेला कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्निल कुसाळे तिथूनच घडला. पात्र मुलांचे सवलत गुणांचे प्रस्ताव मुदतीत पाठवा, ते शाळेचे काम आहे. पण सगळ्या पालकांना हे आमिष दाखवू नका, कारण ते मोजक्यांनाच मिळते. त्यांना सांगावे की मूल रात्री वेळेवर झोपेल, भूक लागेल आणि वर्गात बसवेल. महिन्याभरात ते स्वतः बघतात.

तंदुरुस्तीच्या चाचण्या कशा घ्याव्यात?

खेलो इंडियाच्या चाचण्यांत ९ ते १८ वयासाठी उंची-वजन, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, लवचीकता, पोटाचे व्यायाम आणि पुश-अप आहेत. वर्षातून दोनदा, एकाच जागी, एकाच वेळी घ्या. वजन मोठ्याने वाचू नका, आकडे भिंतीवर लावू नका. तुलना मुलाची त्याच्याच आधीच्या आकड्याशी.

गावातले जुने खेळाडू शिकवायला तयार आहेत. घ्यावे का?

जरूर. तालमीतले वस्ताद, कबड्डी मंडळातली मुले यांच्याकडे कौशल्य असते. समितीच्या ठरावाने घ्या, पोलीस पडताळणी करून घ्या, आणि सरावाला शिक्षक किंवा पालक असा दुसरा प्रौढ कायम हजर ठेवा. एकट्या प्रशिक्षकाने एकट्या मुलाला घेऊन थांबायचे नाही, गाडीवरून न्यायचे नाही, हे पहिल्या दिवशीच लेखी द्या.

शाळा सुटल्यावर मैदान गावाला खुले ठेवावे का?

खेळासाठी ठेवावे, मुलांना आणखी तास मिळतो. वेळ, जबाबदार दोन नावे आणि किल्लीची वही ठरवा. लग्नाचे मांडव, गाड्या आणि कांदा वाळवणे यांना मात्र समितीच्या ठरावाने नकार द्या. मांडवाचे खड्डे, खिळे आणि काचा उरतात, आणि अनवाणी खेळणाऱ्या मुलांच्या पायात त्या पुढे वर्षभर निघत राहतात. तरीही कार्यक्रम झालाच, तर दुसऱ्या दिवशी खेळ न घेता आयोजकांकडून मैदान झाडून, खड्डे बुजवून आणि दोरीला बांधलेले चुंबक फिरवून खिळे काढून घ्या.